मास्तरांनी उतरवलेली पट्टी

एकदा एका तालुक्याच्या गावी, मिशनच्या काळातल्या दगडी चर्चच्या शेजारी, एक वृद्ध संगीतगुरू राहत होते. नाव शांतवन भिंगारदिवे. पण सारे गाव त्यांना नुसते मास्तर म्हणे. शाळेत त्यांनी मुलांना बाराखडी शिकवली, आणि चर्चमध्ये अडतीस वर्षे गायनवृंदाचे संचालन केले. चर्चच्या सभासदांना ख्रिस्ती समाजात मिळून ‘मंडळी’ म्हणतात. त्या मंडळीतले एकही घर असे नव्हते, की ज्यातल्या लग्नात वा दफनविधीत मास्तरांची पेटी वाजली नव्हती.

मास्तरांचा वृंद जिल्ह्यात नावाजलेला होता. दरवर्षीच्या संगीत मेळाव्यातली ढाल अनेकदा याच गावी येई. नाताळच्या सकाळी आसपासच्या गावांतली माणसे केवळ गाणे ऐकण्यासाठी येत आणि जागा मिळाली नाही तर खिडकीबाहेर उभी राहत. मास्तर कोणावर कधी ओरडले नाहीत. सूर चुकला की ते पेटी थांबवीत, चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसत आणि पुन्हा डोळ्यांवर चढवीत. तेवढ्या अवधीत चुकणाऱ्याला आपली चूक कळत असे.

त्यांची पट्टशिष्या सुवार्ता उजगरे. ती नऊ वर्षांची असताना तिचे वडील वारले. आई मार्थाबाई इस्पितळात आया होती. पोरीला शाळेनंतर कोठे ठेवावे हा तिच्यापुढे प्रश्न. मास्तरांनी त्या पोरीला पेटीजवळ बसवले, आणि ती तेथून उठलीच नाही. आता ती छत्तीस वर्षांची होती, सरकारी दवाखान्यात परिचारिका होती, आणि मास्तरांच्या पश्चात वृंद तीच सांभाळणार हे सांगण्याची कोणाला गरज वाटत नव्हती.

मास्तरांना एकाहत्तरावे लागले त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडी त्यांच्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. पाच रविवार त्यांना पेटीवर बसता आले नाही. त्या पाच रविवारी सुवार्ताने उपासनेचे संगीत सांभाळले आणि फार सुंदर सांभाळले. मंडळी म्हणाली, मास्तरांनी आपल्यामागे काही उणे ठेवले नाही.

आणि सहाव्या रविवारी मास्तर पुन्हा पेटीवर बसले, तेव्हापासून ते विचित्र वागू लागले.

येथे वाचकांना थोडे सांगायला हवे. मला स्वतःला संगीतातले फारसे कळत नाही. पेटी शिकलेल्या एका स्नेह्याने समजावले ते इतकेच, की गाणे कोणत्या पट्टीत धरायचे यावर ते उंच लागणार की खाली, हे ठरते. मास्तरांचा वृंद वर्षानुवर्षे ‘काळी चार’ या पट्टीत गात असे. ही उंच पट्टी. कमावलेला गळा असेल तर तिच्यात आवाज कसा चांदीसारखा वाजतो.

त्यानंतरच्या पहिल्याच शनिवारच्या सरावात मास्तरांनी काळी चारऐवजी पांढरी पाच दाबली. म्हणजे अर्धी पायरी खाली.

सुवार्ताला वाटले, चुकून बोट पडले. ती हळूच म्हणाली, “मास्तर, हे गीत आपण काळी चारमध्ये घेतो.”

“आज पांढरी पाचमध्ये घेऊ.”

“पण का?”

“घेऊन बघू या की.”

गुरूंना दोनदा ‘का’ विचारायची तिला सवय नव्हती. पुढच्या महिन्यात मास्तरांनी आणखी अर्धी पायरी उतरवली, त्याच्या पुढच्या महिन्यात आणखी. वृंदात उंच गळ्याच्या तीन मुली होत्या. ज्या जागी त्यांचा आवाज झळाळून उठे, त्या जागा आता येईनाशाच झाल्या. त्यांतली एक सरावानंतर सुवार्ताजवळ रडली. “ताई, हे म्हणजे आम्हाला शेतातून चालवून नेल्यासारखं झालंय. पळायला येतं, पण पळू देत नाहीत.” शेजारच्या शहरातले एक पाहुणे उपासनेला आले होते. जाताना ते म्हणाले, “यंदा तुमच्या वृंदाची धार बोथट झाली बरं का.” ते वाक्य सुवार्ताला दवाखान्यात इंजेक्शन देतानाही आठवत राहिले.

तिने एकदा सगळे धैर्य गोळा करून विचारले, “मास्तर, तुमची तब्येत बरी आहे ना?”

“उत्तम आहे. तुला का वाटलं?”

“नाही, पट्टी फार खाली येतेय. पोरांना कळेनासं झालंय काय चाललंय ते.”

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, डोळ्यांवर चढवला. सुवार्ता घरी गेली ती मनात एक निष्कर्ष घेऊनच. म्हाताऱ्या माणसाचा आवाज उतरतो. आपल्याला झेपत नाही म्हणून ते सगळ्या वृंदाला आपल्याबरोबर खाली ओढत आहेत. आणि कदाचित त्यांना ते कळतही नसावे.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी उपासना सुटल्यावर मंडळीचे सचिव आढावसाहेब चिंचेखाली तिची वाट पाहत उभे होते. निवृत्त तहसीलदार, बोलणे मोजके.

“सुवार्ताबाई, एक विचारतो. राग मानू नका. मास्तरांचा कान गेला का?”

सुवार्ताने चर्चच्या दाराकडे पाहिले.

“हे बघा, मेळावा जवळ आला. नाताळ आलाय. बाहेरचे लोक बोलायला लागलेत. तुमच्याइतकं जवळून त्यांना कोणी पाहिलेलं नाही. तुम्ही सांगाल ते मी खरं धरीन.”

हो म्हणायला किंवा नाही म्हणायला तेथे कोणी तिच्यावर सक्ती केली नव्हती. ‘मी मास्तरांनाच विचारून सांगते’ असेही ती म्हणू शकली असती. ती म्हणाली, “वय झालंय, साहेब. उंच सूर आता त्यांना झेपत नाहीत. कानालाही नीट उमगत नसावं. त्यांचा दोष नाही त्यात.”

शेवटचे वाक्य तिने स्वतःसाठी जोडले होते. आपण गुरूंवर आरोप करत नसून वृंदाचे हित पाहत आहोत, असे तिने घरी जाताना वाटभर स्वतःला बजावले. तरी मार्थाबाईंनी जेवायला वाढले तेव्हा तिच्याने दोन घासही धड गिळवले नाहीत.

पंधरा दिवसांत निर्णय झाला. चर्चचे धर्मोपदेशक पाळकसाहेब आणि आढावसाहेब मास्तरांच्या घरी गेले. पाळकसाहेब कोवळ्या मनाचे. त्यांना विषय कसा काढावा ते सुचेना. शेवटी आढावसाहेबच बोलले. नोव्हेंबरच्या अखेरच्या रविवारी मंडळी मास्तरांचा सन्मानपूर्वक निरोप समारंभ करील. नाताळची तयारी नव्या हाती होऊ दे.

अडतीस नाताळ ज्या हातांनी वाजवले, त्यांना एकोणचाळिसाव्याच्या ऐन तोंडावर थांबायला सांगितले जात होते. मास्तरांनी अंगणाकडे पाहिले. मग म्हणाले, “बरं.”

पाळकसाहेबांना ते ‘बरं’ जड गेले. “मास्तर, तुमची काही इच्छा?”

“निरोपाच्या उपासनेतलं शेवटचं गीत मी निवडीन आणि मी वाजवीन. ते कसं गायचं हे त्या दिवशी मला ठरवू द्या. बाकी तुम्हाला हवं तसं करा.”

तो रविवार आला. चर्च भरून गेले. बाहेरगावी स्थायिक झालेले जुने विद्यार्थी मुद्दाम आले होते. मानपत्र वाचले गेले, शाल दिली गेली. भाषणात आढावसाहेबांनी मास्तरांना ‘या मंडळीचा कंठ’ म्हटले, तेव्हा पुष्कळांनी डोळे टिपले. मास्तर खाली मान घालून ऐकत होते.

सुवार्ताने गुरूंना देण्यासाठी महिनाभर एक गीत बसवले होते. वृंद वेदीच्या उजव्या अंगाच्या चौथऱ्यावर उभा राहिला. तिने काळी चार दाबली. कित्येक महिने बांधून ठेवलेले ते गळे मोकळे सुटले. त्या तीन मुलींचे आवाज छताच्या तुळयांपर्यंत चढले आणि तेथे जणू थरथरत राहिले. गीत संपले. मग टाळ्यांचा कडकडाट झाला. सुवार्ताने मास्तरांकडे पाहिले. त्यांचे डोळे भरले होते. तिला वाटले, आता त्यांना कळले असेल.

मग मास्तर उठले आणि पेटीपाशी आले. बसण्याआधी ते वृंदाकडे वळले.

“फार सुरेख गायलात,” ते म्हणाले. “आता एक करा. सगळे चौथऱ्यावरून खाली उतरा. ज्याची आई इथं असेल त्यानं आईजवळ बसावं, ज्याचं लेकरू असेल त्यानं लेकराजवळ. कोणीच नसेल तर जिथं जागा दिसेल तिथं.”

कोणाला काही कळेना. वृंदातली माणसे एकमेकांची तोंडे पाहू लागली. निरोपाच्या दिवशी, पाहुण्यांच्या देखत, मास्तर आपलाच वृंद मोडत होते. आढावसाहेबांच्या कपाळाला आठी पडली. ते अर्धवट उठले, पण पाळकसाहेबांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. सुवार्ताचा चेहरा लाल झाला. इतक्या सुंदर गाण्यानंतर ही शिक्षा कशासाठी? मनात आले, आपण आढावसाहेबांना सांगितले ते योग्यच होते.

तरी ती उतरली. चौथ्या बाकावर मार्थाबाई बसल्या होत्या. त्या दचकून म्हणाल्या, “अगं, तू इथं बसणार?” आणि घाईने सरकून त्यांनी जागा केली. सत्तावीस वर्षांत प्रथमच सुवार्ता चर्चमध्ये आईच्या शेजारी बसली होती.

मास्तरांनी सूर धरला. पांढरी दोन. इतक्या खालच्या पट्टीत त्या चर्चमध्ये पुष्कळ वर्षांत कोणी गायले नव्हते. गीत जुने होते, प्रत्येक घरात आजी-आजोबांच्या तोंडी असलेले. पहिली ओळ फक्त वृंदातल्या विखुरलेल्या माणसांनी उचलली, तीही चाचरत. दुसरी ओळ तशीच. सुवार्ताला वाटले, आता हे सारे कोसळणार.

तेवढ्यात अगदी मागून, दाराजवळून, एक जाड, खरखरीत आवाज उठला. लाजरसबाबा गवंडी. ऐंशीच्या घरातला म्हातारा; चर्चच्या आवाराची भिंत त्याच्या हातची. तो गात होता, आणि लाजत नव्हता. त्याच्या शेजारचा कोणी त्याला जाऊन मिळाला. मग मधली बाके. मग बायकांची बाजू. शेतावरून, दुकानांतून, कचेऱ्यांतून आलेल्या माणसांचे ते आवाज. कोणी अर्धा सूर मागे, कोणी थोडा चढा. तिसऱ्या कडव्यापर्यंत सगळे चर्च गात होते, आणि बाकांच्या लाकडातून तो नाद अंगात शिरत होता.

सुवार्ता मात्र एकच आवाज ऐकत होती. तिच्या कानाशी तिची आई गात होती. किंचित घोगरा, खोल, पण सुराला पक्का आवाज. स्वयंपाक करताना आई गुणगुणते, हे तिला ठाऊक होते. ती अशी गाते हे ठाऊक नव्हते. तिने मान वळवून पाहिले. मार्थाबाईंचे डोळे मिटले होते आणि हात पदराच्या टोकाशी चाळा करत होता. माझा सूर मास्तरांनी दिला, असे सुवार्ता सगळ्यांना सांगत असे. मास्तरांनी तो घासला होता. दिला होता तो या बाईने, आणि इतकी वर्षे तिने स्वतः कधी तोंड उघडले नव्हते. लेक पुढे गाते आहे, एवढे बघण्यातच तिने धन्यता मानली होती.

गीत संपले. या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत. आपणच गायलेल्या गाण्याला कोण टाळ्या देतो?

दुसऱ्या दिवशी दुपारी, दवाखान्यातून सुटल्यावर, सुवार्ता मास्तरांच्या घरी गेली. मास्तर अंगणात बाजेवर बसून शेंगा सोलत होते. ती समोर उभी राहिली, बसली नाही.

“सलाम, मास्तर,” मंडळीतल्या रिवाजाप्रमाणे ती म्हणाली.

“सलाम. बस ना.”

“आधी बोलते. आढावसाहेबांना मी सांगितलं होतं. तुमचा कान गेला म्हणून. मीच.”

“ठाऊक आहे मला.”

“कोणी सांगितलं?”

“त्यांनीच. निर्णय सांगायला आले तेव्हा. ‘तुमची शिष्यासुद्धा असंच म्हणते’ म्हणाले. मी काही बोलू नये म्हणून सांगितलं असेल.”

सुवार्ता खाली बसली. बाजेवर नव्हे, तशीच जमिनीवर. मास्तरांनी सोललेल्या शेंगांची वाटी तिच्या जवळ सरकवली.

“आणि तरी तुम्ही मला काही बोलला नाहीत,” ती म्हणाली.

“वाईट वाटलं नाही, असं म्हणणार नाही. दोन दिवस जेवण गेलं नाही. नऊ वर्षांची होतीस तेव्हाची तुझी बोटं आठवायची आणि राग यायचा. मग विचार केला. तू खोटं कुठं बोललीस? माझा कान गेलाच होता, पोरी. फक्त तू सांगितलंस त्याच्या वीस वर्षं आधी.”

तिने मान वर केली.

“ऐक. मोतीबिंदू काढल्यावर मला समोरच्या खिडक्यांचा उजेड सोसत नव्हता. म्हणून पाच रविवार दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसलो. काळा चष्मा, त्यात डोळे मिटलेले. तू काळी चार लावलीस, वृंद उठला. काय गायलात तुम्ही! मला वाटलं, अडतीस वर्षांचं सार्थक झालं. आणि दुसऱ्या कडव्याला लक्षात आलं, की आवाज फक्त समोरूनच येतोय. माझ्या डाव्या हाताला काही नाही. उजव्या हाताला काही नाही. डोळे किलकिले करून पाहिलं, तर दोनशे माणसं उभी आहेत, पुस्तकं उघडी आहेत, आणि सगळ्यांचे ओठ मिटलेले. वाटलं, आज कोणाला गाणं माहीत नसेल. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच.

“शेजारी लाजरसबाबा बसायचा. मी या गावात आलो तेव्हा त्याचा आवाज बाहेर रस्त्यावर ऐकू यायचा. मी विचारलं, ‘बाबा, तुम्ही गात का नाही?’ तो म्हणाला, ‘मास्तर, तुमचं गाणं लई वर गेलं. आमचा गळा न्हाई पोचत तिथवर. पण ऐकाया ग्वाड लागतं, म्हणून येतो.’ त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, सुवार्ता. तक्रार असती तर मी भांडलो तरी असतो.

“आपण पहिल्यांदा ढाल आणली ना, तेव्हापासून मी पट्टी चढवत गेलो. अर्धी पायरी या वर्षी, अर्धी त्या वर्षी. वृंद चढत गेला तसा एकेक माणूस खाली गळत गेला. मला दिसलं नाही. आपली पेटी वेदीकडे तोंड करून ठेवलेली. माझी पाठ लोकांकडे. माझं काम होतं मंडळीला गायला लावायचं. मी त्यांना ऐकायला बसवलं, आणि वर त्यांच्याकडून कौतुक घेतलं.”

“मग आम्हाला सांगायचं होतंत,” सुवार्ता म्हणाली. “मी ऐकलं नसतं का?”

“ऐकलं असतंस. मीच सांगू शकलो नाही. लाज वाटली. ज्याला सेवा म्हणत आलो त्यातली अर्धी माझी हौस होती, हे तुझ्यासमोर कबूल करायचं धैर्य झालं नाही. म्हणून म्हटलं, गुपचूप एकेक पायरी उतरवू, कोणाला कळणार नाही. त्या लपवण्यानंच तर सगळा घोळ झाला. तू जे बोललीस त्यात माझाही वाटा आहे.”

अंगणात एक कोंबडी शेंगांच्या टरफलांत चोच मारत होती. मास्तरांनी तिला हुसकले नाही.

“मी आढावसाहेबांकडे जाते,” सुवार्ता एकदम म्हणाली. “सगळं सांगते. तुम्ही परत पेटीवर बसा. निदान हा नाताळ तरी.”

“नको.”

“का नको? मी केलेलं मला निस्तरू द्या.”

“निस्तरायचं आहे तर माझ्यासाठी नको करूस. मी अडतीस वर्षं वाजवलं. आता मला गायचंय. आणि हे बघ, वृंद मोडू नकोस. काल मी खाली उतरवला तो एका गाण्यापुरता. त्या पोरींचा गळाही देवानंच दिलाय. त्यांना बांधून ठेवलं ही माझी दुसरी चूक. मेळाव्यात काळी चार लाव, काळी पाच लाव, उडू दे त्यांना. लोक आनंदानं ऐकतील. पण जे गीत मंडळीचं आहे, ते मंडळीच्या गळ्यात बसेल असं दे. त्यांचं आहे ते. मी मागून घेतलं नव्हतं, तसंच उचललं होतं.”

सुवार्ता आढावसाहेबांकडे गेलीच. मास्तरांना पेटीवर बसवण्यासाठी नव्हे. आपण न विचारता न्याय केला हे सांगण्यासाठी. आढावसाहेबांनी सारे ऐकून घेतले. मग ते म्हणाले, “मीही वीस वर्षं गायलो नाही, बाई. मला वाटायचं, मला येतच नाही.” आणि त्यांनी घसा खाकरून विषय बदलला. दोन दिवसांनी संध्याकाळी ते मास्तरांच्या अंगणात बाजेवर बसलेले लोकांनी पाहिले. काय बोलणे झाले ते कोणाला कळले नाही.

नाताळची सकाळ आली. नेहमीप्रमाणे आसपासच्या गावांतली माणसे जमली. वृंदाने आपले खास गीत उंच पट्टीत गायले आणि ऐकणाऱ्यांनी श्वास रोखून ऐकले. मग मंडळीच्या गीताची वेळ झाली. त्या आठवड्यात सुवार्ताने एक साधी गोष्ट केली होती. पेटी तिने आडवी फिरवून घेतली होती, आता वाजवणाऱ्याला बाके दिसत होती.

मास्तर आले होते. स्वयंसेवकांनी त्यांना पहिल्या बाकावर, मानाच्या जागी नेऊ पाहिले. ते हसून नाही म्हणाले आणि पार मागे जाऊन लाजरसबाबाच्या शेजारी बसले. सुवार्ताने सूर दिला. सगळे उठून गाऊ लागले. पहिले कडवे गेले, दुसरे सुरू झाले, आणि तिला दिसले की मास्तर अडखळत आहेत. चाल ज्या माणसाच्या हाडात मुरलेली, त्याला शब्दच येत नव्हते! इतकी वर्षे त्यांनी बोटांकडे आणि सुरांकडे पाहिले होते. कडवी पाठ करण्याची वेळच कधी आली नव्हती. पुस्तकातली अक्षरे तर अजून डोळ्यांना बारीक दिसत होती.

लाजरसबाबाच्या ते ध्यानात आले. त्या म्हाताऱ्याला वाचता येत नव्हते. त्याला सगळे गीत तोंडपाठ होते. तो मास्तरांच्या कानाशी वाकला आणि प्रत्येक ओळ गाण्याआधी त्यांना सांगू लागला. तो सांगे आणि मास्तर गात. मधेच एक शब्द मास्तरांनी चुकीचा घेतला, तेव्हा लाजरसबाबाने त्यांच्या दंडाला धरून थांबवले, शब्द पुन्हा सांगितला, आणि मास्तरांनी शहाण्या विद्यार्थ्यासारखी मान हलवून तो सुधारून म्हटला.

सुवार्ताची बोटे पेटीवर फिरत होती आणि ती दोघांकडे पाहत होती. तिसरे कडवे तिने किंचित संथ घेतले, म्हणजे लाजरसबाबाला सांगायला सवड मिळावी.

ज्याच्या मागे अनेक माणसे चालतात, त्याने मधूनमधून आपल्या पाठीमागचे ऐकावे. तेथे शांतता असेल, तर तिला मान समजण्याची घाई करू नये.